दोन जोड्या लावल्या की ॲम्प बंद पडतो: वायर घेण्याआधी लोडचा हिशोब करा

तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न एकमेकांत अडकलेत, ते आधी सुटे करतो. तुमच्याकडे चॅनलमागे ५० वॅटचा स्टिरिओ ॲम्प्लिफायर आहे. त्यावर ८ ओहमच्या स्पीकरची एक जोडी बरीच वर्षं नीट वाजत होती. आता ४ ओहमची दुसरी जोडी मिळाली, तीही तुम्ही त्याच टर्मिनलांना लावली. तेव्हापासून आवाज जरा वाढवला की दहा-पंधरा मिनिटांत प्रोटेक्टचा दिवा लागतो आणि ॲम्प गप्प होतो. शिवाय स्पीकर दुप्पट होऊनही बेस पूर्वीपेक्षा कमी झालाय. तुम्ही विचारलंय की वायर बारीक पडते का, महागडी जाड वायर घेतली तर हे सुटेल का, आणि १०० वॅटचे स्पीकर ५० वॅटच्या ॲम्पला झेपत नाहीत का.

वायर बदलून यातलं काहीच सुटणार नाही, म्हणून ती खरेदी तूर्त थांबवा. ॲम्प बंद पडतोय तो लोडमुळे, म्हणजे स्पीकर त्याच्यावर टाकतात त्या ओझ्यामुळे. बेस गेलाय तो, माझ्या अंदाजाने, कुठल्या तरी एका स्पीकरचं प्लस-मायनस उलटं लागल्यामुळे. वॅटच्या आकड्याचा या दोन्हीशी संबंध नाही. तुमचा सेट माझ्या समोर नाही, त्यामुळे बेसबद्दलचा अंदाज तुम्हालाच पडताळावा लागेल, आणि तो कसा पडताळायचा ते पुढे सांगतो. लोडबद्दल मात्र मला शंका नाही, कारण तो नुसता हिशोब आहे.

स्पीकरच्या मागे लिहिलेले ओहम म्हणजे तो करंटला किती अडवतो त्याचा आकडा. आकडा लहान असेल तर अडवणूक कमी आणि ॲम्पला द्यावा लागणारा करंट जास्त. ५० वॅटचा ॲम्प ८ ओहमच्या स्पीकरला पूर्ण ताकदीने साधारण २० व्होल्ट देतो, आणि तेव्हा अडीच अँपिअर करंट जातो. त्याच टर्मिनलांवर ४ ओहमचा स्पीकर लावला की ८ आणि ४ मिळून १२ होत नाहीत. करंटला जायला दुसरी वाट मिळते, त्यामुळे एकूण अडवणूक दोघांतल्या लहान आकड्याच्याही खाली उतरते. दोन्ही आकड्यांचा गुणाकार करायचा आणि त्याला त्यांच्या बेरजेने भागायचं. ३२ भागिले १२, म्हणजे २.६७ ओहम. त्याच २० व्होल्टला आता साडेसात अँपिअर जाणार. अडीचचे साडेसात, म्हणजे सरळ तिप्पट. हा सगळा करंट ज्या आउटपुट ट्रान्झिस्टरांतून जातो ते तापतात, हीटसिंकला ती उष्णता बाहेर टाकणं जमत नाही, आणि संरक्षणाचं सर्किट रिले (विजेवर चालणारा आतला स्विच) सोडून स्पीकर तोडतं. तुमच्या ॲम्पने आतापर्यंत स्वतःला वाचवलंय. पण म्हणून पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. काही ॲम्पमध्ये हे सर्किट नसतं, फक्त फ्यूज असतो, आणि फ्यूज वितळायच्या आत ट्रान्झिस्टर गेलेले मी कितीतरी वेळा पाहिलेत.

गेली वीस-बावीस वर्षं मी ॲम्प्लिफायर दुरुस्त करतोय. टेबलावर जळून आलेल्या ॲम्पच्या मालकाला मी पहिल्यांदा विचारतो, "एका चॅनलवर किती स्पीकर होते?" पुष्कळदा उत्तर येतं, "दोन-दोनच होते, पण सगळे आठ ओहमचे, मग सोळा झाले ना?" दोन ८ शेजारी लावले की ४ होतात, आणि दोन ४ लावले की २. स्पीकर वाढवले की ॲम्पवरचं ओझं हलकं होतं हा समज इतका पसरलेला आहे की तो काढता काढता माझं निम्मं बोलणं होतं. त्यात लेबलवरचा आकडाही नाममात्रच असतो. स्पीकरचा इम्पिडन्स, म्हणजे ही ओहममधली अडवणूक, सुरागणिक बदलतो. ८ ओहमचा स्पीकर वूफरच्या (बेस वाजवणारा मोठा कोन) रेझोनन्सला, म्हणजे तो आपसूक सर्वांत जास्त थरथरतो त्या सुराला, तीस-चाळीस ओहमपर्यंत चढतो, आणि कुठे तरी साडेसहाच्या आसपास उतरतो. मानकाप्रमाणे तो नाममात्र आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये, म्हणजे ८ चा ६.४ आणि ४ चा ३.२. सगळे बनवणारे हे पाळत नाहीत. म्हणून काठावरचा हिशोब करू नका, थोडी जागा ठेवा.

आता ॲम्प उलटा फिरवा आणि स्पीकरच्या टर्मिनलांजवळ काय छापलंय ते वाचा. बहुतेक ठिकाणी "ए किंवा बी: ४ ते १६ ओहम" आणि त्याखाली "ए अधिक बी: ८ ते १६ ओहम" असं काहीतरी असतं. अर्थ असा की एक जोडी वाजवायची असेल तर ४ ओहमची चालेल, पण दोन्ही एकदम वाजवायच्या असतील तर प्रत्येक जोडी किमान ८ ची हवी. तुमच्या ॲम्पला ए आणि बी अशी वेगळी टर्मिनलं असतील तर दुसरी जोडी बीवर लावा आणि पुढच्या स्विचने एका वेळी एकच वाजवा. हा सगळ्यांत सोपा आणि बिनखर्ची मार्ग आहे. दोन्ही बटणं एकदम दाबली की बहुतेक ॲम्प आतल्या आत त्यांना शेजारी-शेजारीच जोडतात, म्हणजे तुम्ही आत्ता केलंय तेच होतं. काही जुने ॲम्प त्यांना एकामागे एक जोडतात, ते सर्किट पाहिल्याशिवाय कळत नाही.

तुम्ही स्वतः सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, जोडाल का? बेरीज १२ येते, ॲम्प खूश राहतो, हे खरं. पण तुमच्या दोन जोड्या वेगवेगळ्या आहेत. सिरीजमध्ये दोघांतून करंट एकच वाहतो, त्यामुळे ८ चा स्पीकर ४ च्या दुप्पट ताकद घेतो. शिवाय एकाचा इम्पिडन्स सुरागणिक वर-खाली झाला की दुसऱ्याच्या वाट्याचे व्होल्ट हलतात, आणि दोघांचाही स्वभाव बिघडतो. अगदी एकसारखे दोन स्पीकर असते तर मी एवढा विरोध केला नसता. तुमच्याबाबतीत नको.

दोन्ही जोड्या एकाच वेळी हव्याच असतील तर कशासाठी हव्यात यावर उत्तर ठरेल. दुसरी जोडी दुसऱ्या खोलीत ठेवायची असेल तर एक लहान वेगळा ॲम्प घ्या आणि पहिल्या ॲम्पच्या प्री-आउटमधून किंवा टेप-आउटमधून (सिग्नल बाहेर देणारी मागची सॉकेटं) त्याला सिग्नल द्या. टेप-आउटवर पहिल्या ॲम्पचा व्हॉल्यूम लागू होत नाही, हे ध्यानात ठेवा. रेझिस्टर किंवा ट्रान्सफॉर्मर घातलेले सिलेक्टर बॉक्स मिळतात, ते ॲम्पला वाचवतात. पण रेझिस्टरवाल्या बॉक्समध्ये ताकदीचा मोठा भाग उष्णता होऊन जातो आणि बेस सैल पडतो. मी तो शेवटचा उपाय मानतो. आणि चारही स्पीकर एकाच खोलीत ठेवायचे असतील तर माझं मत स्पष्ट आहे: दोनातली जी जोडी चांगली तीच वाजवा. एकच सूर दोन वेगळ्या अंतरांवरून कानाशी आला की काही सूर एकमेकांना मारतात, काही फुगतात, आणि गाणाऱ्याचा आवाज नेमका कुठून येतोय ते धूसर होतं. नुसता जोर वाढला म्हणजे गाणं जास्त ऐकू आलं असं होत नाही.

बेसचं मात्र बारकाईने बघू. एका स्पीकरचे प्लस-मायनस उलटे लागले की एक कोन बाहेर येतो त्याच क्षणी दुसरा आत जातो. वरच्या सुरांत हे चटकन जाणवत नाही, पण खालच्या सुरांची लांबी मोठी असते. ५० हर्ट्झची एक लाट जवळजवळ ७ मीटरची असते, आणि तुमचे स्पीकर एकमेकांपासून दोन-अडीच मीटरवर असतील. म्हणजे एकाने हवा ढकलली ती दुसऱ्याने तिथल्या तिथे ओढून घेतली. बेस तयार होतो, पण तुमच्यापर्यंत पोचत नाही. दुसरी खूण म्हणजे गाणाऱ्याचा आवाज दोघांच्या मधोमध येत नाही, डोक्याभोवती पसरल्यासारखा वाटतो.

हे पडताळायला यंत्र लागत नाही. ॲम्प बंद करून दुसरी जोडी पूर्ण काढा. पहिल्या जोडीतले दोन्ही स्पीकर जमिनीवर समोरासमोर, तोंडं एकमेकांकडे करून, वीतभर अंतरावर ठेवा. ॲम्पला मोनो बटण असेल तर दाबा, नसेल तर ज्यात बेस मधोमध आहे असं साधं गाणं लावा. हळू आवाजात ऐका. मग ॲम्प बंद करून फक्त एकाच स्पीकरच्या दोन वायरी अदलाबदल करा आणि तेच गाणं तितक्याच व्हॉल्यूमला पुन्हा लावा. फरक इतका मोठा असतो की शंका उरत नाही. एका जोडणीत आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा लागतो, दुसरीत वूफर भरून बोलतो. भरून बोलतो ती जोडणी बरोबर. दुसऱ्या जोडीवरही हेच करा.

कुठली वायर प्लसची हे वायरवरून कळत नसेल, तर दीड व्होल्टचा साधा सेल घ्या. वायरी ॲम्पपासून आधी सोडवा, हे विसरू नका. स्पीकरची जाळी काढा, वूफरकडे बघत सेलची दोन टोकं वायरींना क्षणभर टेकवून उचला. कोन टचकन बाहेर आला तर सेलचा प्लस ज्या वायरीला होता ती प्लसची. आत गेला तर उलट. मी हे करताना दोन बोटं कोनच्या काठाशी हलकी टेकवतो, कारण लहान वूफरची हालचाल डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळते. बघायचं ते वूफरकडेच. मधल्या स्पीकरची किंवा ट्वीटरची (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) पोलॅरिटी, म्हणजे प्लस-मायनसची दिशा, क्रॉसओव्हरच्या (सूर वाटून देणारं आतलं सर्किट) सोयीसाठी आतून मुद्दाम उलटी ठेवलेली असू शकते. सेल टेकवून धरून ठेवू नका, टचकन उचला.

बऱ्याच स्पीकर वायरींत एका बाजूला रेघ असते, किंवा बोट फिरवलं तर लागणारी कंगोऱ्याची कड, किंवा एक तार तांबडी आणि एक चंदेरी. चंदेरी म्हणजे मायनस असा नियम कुठेही नाही. तुम्ही एक खूण प्लसची ठरवा आणि चारही टोकांना तीच पाळा.

आता वायरच्या जाडीचं, कारण तुम्ही तेच आधी विचारलंत. मी पाळतो तो नियम असा: जाऊन-येऊन वायरचा रेझिस्टन्स स्पीकरच्या ओहमच्या ५ टक्क्यांखाली ठेवायचा. तांब्याची १.५ चौरस मिलिमीटरची वायर, जिला सगळे दीड एमएम म्हणतात, ती ८ ओहमच्या स्पीकरला १७ मीटरपर्यंत पुरते, ४ च्या स्पीकरला साधारण साडेआठ मीटरपर्यंत. अडीच एमएम घेतलीत तर हेच आकडे २८ आणि १४ मीटर होतात. एका खोलीत याहून जास्त कशाला लागेल? फक्त ती पूर्ण तांब्याची आहे ना, ते बघा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर बरीच विकली जाते. तिचा रेझिस्टन्स साधारण दीडपट, आणि दोन-चार वेळा वाकवली की तंतू तुटतात. एक तंतू ब्लेडने खरवडा. आतून पांढरा निघाला तर ॲल्युमिनियम, आतही तांबडाच राहिला तर तांबं. डाव्या-उजव्या वायरी मोजून सारख्या असायला हव्यात असंही नाही, दोन-तीन मीटरचा फरक कानाला कळत नाही.

वायरपेक्षा तिच्या टोकांनी मी जास्त ॲम्प गेलेले पाहिलेत. एकदा एक ॲम्प आला, उजवा चॅनल मेलेला. मालकाने सोबत वायरीही आणल्या होत्या, म्हणून खरं कारण सापडलं. मायनसच्या टोकाशी एकच तंतू, केसाएवढा, बाकीच्यांतून निसटून बाजूला वळला होता आणि त्याच्या शेंड्यावर काळा ठिपका होता. स्पीकर सरकवताना तो तंतू प्लसच्या खुंटीला टेकला, गाणं चालू होतं, आणि तेवढ्यात दोन ट्रान्झिस्टर गेले. म्हणून वेष्टण दहा-बारा मिलिमीटरच सोला, सगळे तंतू एकाच दिशेने घट्ट पिळा, स्क्रू आवळल्यावर किंवा स्प्रिंग सोडल्यावर बाहेर एकही तंतू दिसत नाही ना हे टॉर्च मारून बघा. वेष्टण स्क्रूखाली दबू देऊ नका, नाहीतर तार नीट धरली जात नाही. शेवटी हलकेच ओढून बघा. टोकाला सोल्डर भरून स्क्रूखाली दाबण्याची सवय पुष्कळांना आहे, ती मी सोडली. सोल्डर मऊ, ते दाबाखाली हळूहळू पसरतं आणि काही महिन्यांत स्क्रू सैल होतो. टोकाला बनाना प्लग (टर्मिनलात सरळ खोचायची पिन) लावलेत तर ही कटकटच मिटते.

जोडणी पूर्ण झाली की ॲम्पला वायरी लावण्याआधी मल्टिमीटर ओहमवर ठेवून प्रत्येक जोडीची दोन टोकं मोजा. ८ चा स्पीकर ६ च्या आसपास दाखवेल, ४ चा तीन-साडेतीन. मीटर डीसी रेझिस्टन्स मोजतो, म्हणून आकडा लेबलपेक्षा कमी येतो. स्पीकर खराब नाही. शून्याजवळ आला तर कुठे तरी शॉर्ट आहे, काहीच आलं नाही तर वायर तुटलीय किंवा टोक बसलेलं नाही. मग डाव्याची तार आणि उजव्याची तार यांच्यात मोजा, तिथे काहीही दिसता कामा नये. म्हणजे क्रम असा ठेवा: आधी ॲम्पमागचं वाचून लोडचा हिशोब, मग समोरासमोर ठेवून पोलॅरिटी, मग टोकं, मग मीटर, आणि सगळ्यांत शेवटी ॲम्प चालू, तोही व्हॉल्यूम शून्यावर ठेवून.

वॅटबद्दल थोडक्यात. १०० वॅटचा स्पीकर म्हणजे तो तेवढं सोसतो, तेवढं मागत नाही. साधा घरगुती स्पीकर एका वॅटला एक मीटरवर ८५ ते ९० डेसिबल देतो, आणि घरात ऐकताना बहुतेक वेळ तुम्ही एक-दोन वॅटवरच असता. ५० चे १०० वॅट केले तर वाढतात फक्त ३ डेसिबल. धोका वेगळ्या ठिकाणी आहे. ॲम्पला त्याच्या ताकदीपलीकडे ढकललं की लाटेचे माथे कापले जातात, आवाज कडक आणि टोचणारा होतो, आणि ही कापलेली लाट ट्वीटरला जास्तीची उष्णता देते. आवाज टोचायला लागला की व्हॉल्यूम खाली आणा, मग स्पीकरवर कितीही वॅट लिहिलेले असोत.

तुमच्या ॲम्पप्रमाणे तीन गोष्टी बदलू शकतात. हल्लीचे बरेच छोटे डिजिटल ॲम्प ब्रिज पद्धतीचे असतात. त्यांत मायनसच्या टर्मिनलवरही सिग्नल असतो, म्हणून डाव्या-उजव्याचा मायनस एकत्र करून तीन तारांत काम भागवू नका, आणि मायनस कुठल्याही अर्थला किंवा धातूच्या बॉडीला लावू नका. ॲम्प व्हॉल्व्हचा असेल तर तो स्पीकर न जोडता कधीच चालवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. त्याला ४ आणि ८ ओहमची वेगळी टर्मिनलं असतात, स्पीकरप्रमाणे निवडा. आणि नव्या जोडीला मागे विजेची वायर असेल तर तिच्यात ॲम्प आतच आहे. तिला स्पीकरच्या टर्मिनलांना लावायचंच नाही. नव्या स्पीकरला मागे चार खुंट्या असतील तर त्यांच्यामधल्या पितळी पट्ट्या जागेवर आहेत ना हेही बघा. त्या कोणी काढून ठेवल्या असतील तर फक्त वूफर किंवा फक्त ट्वीटरच वाजेल.

हे सगळं करून, फक्त ८ ओहमची एक जोडी लावूनही प्रोटेक्ट लागत असेल, तर दोष ॲम्पच्या आत आहे. ॲम्प व्हॉल्व्हचा नसेल तर सगळे स्पीकर काढा, व्हॉल्यूम शून्यावर ठेवून ॲम्प चालू करा आणि मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून स्पीकरची टर्मिनलं मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर ठीक. एखादा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर त्याला स्पीकर लावू नका, कॉइल जळू शकते. प्रोटेक्टचा दिवा लागलेला असताना मात्र रिले उघडा असतो, तेव्हा टर्मिनलवर शून्यच दिसणार, आणि त्या शून्याचा अर्थ सगळं ठीक आहे असा होत नाही. अशा वेळी मोजायचं ते रिलेच्या आतल्या बाजूला, आणि त्यासाठी झाकण उघडावं लागतं. प्लग काढल्यावरही आतले मोठे कपॅसिटर बराच वेळ भरलेले राहतात, म्हणून ते काम हे रोज करणाऱ्याकडेच द्या.